सुईनंतरचा अर्धा तास

वासराला सुई टोचून झाली की छावणीतली माणसं आपापल्या दावणीकडे निघून जात. साखराबाई जायची नाही. वासराच्या तोंडासमोर उकिडवी बसायची, गुडघ्यावर हनुवटी टेकायची आणि बघत राहायची. काय बघतेस असं कुणी विचारलं तर म्हणायची, “सुई आत गेल्यावर काय करती ते.”

दुष्काळाचा उन्हाळा होता. पाटोदा तालुक्यातल्या त्या गावाच्या सहकारी दूध संस्थेनं तळ्याच्या कोरड्या पोटात चारा छावणी चालवायला घेतली होती. उसाचं वाढं ट्रकनं यायचं, पाणी टँकरनं. साखराबाईचा नवरा सटवा मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला निघून गेला होता. घरच्या दोन गायी घेऊन साखराबाई छावणीत राहायला आली होती, ती तिथलीच झाली. 

वासरं तिच्याकडे कशी आली, त्याला कारण दूध होतं. सकाळ-संध्याकाळ कॅन भरले पाहिजेत म्हणून जो तो गायीचं सड न् सड पिळून घ्यायचा आणि वासरांना उरलंसुरलं चाटायला सोडायचा. मार्चमध्ये चार वासरं हगवणीनं गेली. वासरू गेलं की गाय पान्हा चोरते, हे संस्थेचे चेअरमन सुंदरराव यांच्या लक्षात आल्यावर त्यांना वासरांची दया आली. त्यांनी बारदानाची सावली करून वासरांची वेगळी दावण बांधली आणि विचारलं, इथं कोण थांबेल. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. साखराबाई तोवर दावणीत जाऊन एका वासराचा कान हातात धरून बसली होती.

ती मेंढरांमागे वाढलेली. रानात डॉक्टर नसतो, जनावर बोलत नाही, तेव्हा बघणं एवढंच हातात असतं. वासराच्या नाकावर दव आहे का, कानाचं टोक गार आहे की पोळतंय, शेण कुठल्या रंगाचं, बरगड्या कशा हलतात. घड्याळ तिच्याकडे नव्हतं. वासराचा श्वास ती आपल्या श्वासाशी लावून मोजायची. आपला एक होईस्तोवर वासराचे दोन झाले तर ठीक, चार झाले तर डॉक्टरला फोन.

पाटोद्याहून सरकारी डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत, कारण त्यांच्याकडे अशा सात छावण्या होत्या. ते तपासून औषध ठरवून जात आणि पुढच्या सुया संस्थेचा रामकिसन टोचे. रामकिसनचा हात हलका होता, जीभ तेवढी नव्हती. साखराबाई बसलेली दिसली की तो मुद्दाम मोठ्यानं म्हणायचा, “बघून बघून वासरू लाजायलंय, मावशी. जरा तिकडं तोंड करा.”

पण बसून बसून साखराबाईला एक गोष्ट कळली होती. सुई टोचल्यावर प्रत्येक वासरू काहीतरी करतंच. एखादं लाथ झाडतं, एखादं मान फिरवून टोचलेली जागा चाटतं, एखादं रुसून खाली बसतं. हा सुईचा राग. तो दहा-पंधरा मिनिटांत जातो आणि वासरू वाढ्याला तोंड लावतं. जंताचं औषध पाजलं तर दुसऱ्या दिवशी शेण पातळ होतं, तेही एका दिवसात आवरतं. हे सगळं चालण्यासारखं. मग न चालण्यासारखं कसं दिसत असेल, हा प्रश्न तिला पडला होता, आणि उत्तर दिसावं अशी तिची इच्छा मुळीच नव्हती.

ते एप्रिलमध्ये दिसलं. छावणीतल्याच गीताबाईची तांबडी कालवड पाच महिन्यांची होती आणि तिला ठसका झाला होता. डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे रामकिसननं निळ्या टोपणाच्या बाटलीतल्या पांढऱ्या भुकटीत पाणी घातलं, हलवलं, टोचलं. कालवडीनं लाथ झाडली नाही की जागा चाटली नाही. नुसती उभी राहिली. मग तिनं खालचा ओठ दोनदा हलवला, जसं तोंडात काही अडकलंय. साखराबाई श्वास मोजत होती. तिचे सत्तरेक झाले असतील-नसतील, तोच कालवडीच्या पापण्या फुगायला लागल्या. ओठ सुजले. मानेवर केस उभे राहिले आणि खाली बोटाएवढाल्या गांधी उठल्या. डोळ्यांतून पाणी, तोंडाला फेस, आणि श्वास असा की मोजायला जागाच उरली नाही. कालवड पुढच्या गुडघ्यांवर आली आणि कलंडली.

माणसं जमली. कुणी म्हणालं गांधीलमाशी चावली. कुणी म्हणालं पान लागलं, म्हणजे साप. गीताबाई म्हणाली दृष्ट लागली, आणि कालच कालवडीला चांगली म्हणून गेलेल्या बाईचं नाव घेतलं. एकानं गूळपाणी आणलं आणि नळकांड्यानं पाजायला पुढे झाला. साखराबाईनं त्याचा हात धरला.

“घसा सुजलाय तिचा. पाजलेलं पोटात जायचं न्हाई, छातीत जाईल.”

तिनं आणि रामकिसननं कालवडीला कुशीवरून उठवून छातीवर बसवलं, दोन्ही बाजूंनी गवताच्या पेंड्या लावल्या आणि मान सरळ पुढे धरली. त्यानं डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर सुदैवानं शेजारच्याच छावणीत होते. ते मोटारसायकलवरून आले, उतरता उतरता पिशवीतून छोटी कुपी काढली आणि दुसरी सुई दिली. संध्याकाळपर्यंत कालवड उभी राहिली. गांधी दुसऱ्या दिवशी मावळल्या.

डॉक्टर हात धूत होते तेव्हा साखराबाई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि प्रश्न विचारू लागली. हेच औषध काल सात वासरांना दिलं, त्यांना काही झालं नाही, हिलाच कावून? डॉक्टर म्हणाले, हे औषध हिला मानवत नाही. पण तीन आठवड्यांमागं हिलाच ही सुई दिली होती, तेव्हा तर मानवली? डॉक्टरांनी हात पुसायचं थांबवलं. म्हणाले, मावशी, पहिल्यांदा अंगाची आणि औषधाची ओळख होते. काही अंगांना ती ओळख आवडत नाही. दुसऱ्यांदा औषध आलं की अंग भांडायला उठतं. तिसऱ्यांदा आणखी जोरानं.

“मग अंग इसरत न्हाई का कधी?”

“विसरत नाही असंच धरून चालायचं.”

त्यांनी औषधाचं नाव सांगितलं. साखराबाईनं ते दोनदा म्हणून पाहिलं, तिसऱ्यांदा जिभेवरून घसरलं. तिला लिहिता येत नव्हतं. तिनं रामकिसनकडून ती रिकामी बाटली मागून घेतली, चंचीत ठेवली आणि जुन्या लुगड्याची लाल चिंधी फाडून कालवडीच्या दाव्याला गाठ मारून बांधली. छावणीतल्या सगळ्यांना तिनं एकदा सांगितलं, लाल चिंधी दिसली की ही बाटली न्हाई. पुढं सगळ्यांना पाठ झालं. रामकिसन तर सुई भरायच्या आधी दाव्याकडे बघायला लागला आणि सुईनंतर स्वतःही पाच मिनिटं रेंगाळायला लागला, तेही कुणी बघत नाही ना याची खात्री करून.

चिंधी दाव्याला बांधली, इथं चूक झाली. पण ती चूक आहे हे साखराबाईला तेव्हा सुचलं नाही, आणि त्या मुलखातल्या कुणालाच सुचलं नसतं.

गीताबाईची लेक अंजना गेल्या वर्षी चकलांब्याला दिली होती. लग्नात एक कालवड आंदण द्यायचं बोलणं झालं होतं आणि ते राहिलं होतं. अंजनाची सासू केशरबाई प्रत्येक भेटीत त्याची आठवण करून द्यायची, तीही हसत, म्हणजे उत्तर देता येऊ नये. तिकडे विहिरीला अजून पाणी होतं. गीताबाईनं अक्षय तृतीयेचा दिवस धरला. कालवडीला धुतलं, हळदकुंकू लावलं, गळ्यात नवं रंगीत दावं घातलं आणि टेम्पोत चढवलं. जुनं दावं रीतीप्रमाणे काढून ठेवलं. जनावर घराबाहेर द्यावं, दावं देऊ नये, नाहीतर दावणीची बरकत त्याच्यासोबत जाते, असं तिथं सगळेच मानतात.

साखराबाई त्या दिवशी पाण्याच्या रांगेत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती वासरांच्या दावणीत आली तर खुंटीला नुसतं दावं लोंबत होतं आणि त्याला लाल चिंधी.

ती तशीच गीताबाईकडे गेली. गीताबाई वाढं कापत होती. साखराबाईनं विचारलं, निरोप दिलास ना तिकडं, सुईचा? गीताबाईचा विळा थांबला नाही. म्हणाली, देईन सवडीनं. साखराबाई उभीच राहिली. तेव्हा गीताबाईनं विळा खाली ठेवला.

“काय सांगू? आंदण दिलेली कालवड डागी हाय म्हणून? ती केशरबाई माही पोर जगू देईल का मग? आठ महिने झाले, पोरगी फोनवर नुसती बरं हाय बरं हाय करती. तुला म्हाईत न्हाई ते घर.”

“अन् कालवड मेली तर जगू देईल?”

गीताबाई म्हणाली, मरायला काय झालंय, ठणठणीत आहे ती. आणि पुन्हा विळा उचलला.

साखराबाईनं रामकिसनच्या फोनवरून अंजनाला फोन लावला. अंजना हळू आवाजात बोलत होती. कालवड टेम्पोतून उतरल्यापासून ठसकत होती, नाकातून वाहत होतं. मामंजींनी डॉक्टरला निरोप दिला होता, तो उद्या सकाळी येणार होता. साखराबाईनं तिला निळ्या टोपणाचं सांगितलं.

“मावशी, मी कसं सांगू? मामंजींच्या म्होरं डॉक्टरला हे देऊ नका म्हणू? अन् सासूबाई म्हणतेल, माहेरच्यांनी दुखणं बांधून पाठवलं.”

पाटोद्याच्या डॉक्टरांना फोन लावला तर लागला नाही. साखराबाईनं आपल्या दोन गायी आणि वासरांची दावण रामकिसनवर सोपवली. तो म्हणाला, एका कालवडीपायी एवढ्या लांब? ती म्हणाली, तू बस अर्धा अर्धा तास, चोरून बसतोस तसाच. 

पहिल्या गाडीनं निघून, दोनदा गाडी बदलून ती चकलांब्याला उतरली तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. वाटेत तिनं एक खोटं तयार केलं होतं. गेवराईला पाव्हण्यांकडे आले होते, पोरीला बघून जावं म्हटलं. मग बोलता बोलता, सहज, सुईचा विषय काढायचा. पण घराच्या अंगणात शिरली तर डॉक्टर आधीच आलेला होता. तरुण मुलगा होता, बॅग उघडी, हातात सुई भरलेली. बॅगेच्या कडेला निळ्या टोपणाची बाटली. अंजनाचा सासरा बंकट कालवडीची मान धरून उभा होता. दारात अंजना, चौकटीला हात लावून. तयार केलेलं खोटं सांगायला वेळच नव्हता.

“थांबा सायब. ही सुई हिला मानवत न्हाई.”

डॉक्टर थांबला. खाटेवर डाळ निवडत बसलेल्या केशरबाईनं वर बघून विचारलं, ही कोण? अंजना म्हणाली, आमच्या गावची मावशी. साखराबाईनं चंचीतून रिकामी बाटली काढून डॉक्टरच्या हातात दिली. त्यानं दोन्ही बाटल्या शेजारी धरून वाचल्या. मग सुई बॅगेच्या झाकणावर ठेवली आणि एकामागून एक विचारायला लागला. काय झालं होतं? कुठं सूज आली? आधी पापण्या की आधी ओठ? किती मिनिटांत?

साखराबाई म्हणाली, माह्या सत्तर श्वासांत. डॉक्टरनं भुवया उंचावल्या, मग मनगटावरचं घड्याळ पुढे केलं आणि तिला श्वास घ्यायला सांगितलं. अंगणात सगळ्यांसमोर साखराबाईचे श्वास मोजले गेले. “साडेचार-पाच मिनिटं,” डॉक्टर स्वतःशीच म्हणाला, आणि भरलेली सुई त्यानं मातीत रिकामी केली.

तो दुसरी बाटली शोधत होता तेवढ्यात केशरबाईनं सूप बाजूला ठेवलं.

“म्हंजे ईनबाईंना हे ठावं होतं.”

अंजनाचा चौकटीवरचा हात खाली आला. साखराबाईला दिसत होतं की आता जे उत्तर देऊ ते आपल्यामागं या पोरीला रोज ऐकावं लागणार आहे. माहीत नव्हतं म्हणावं तर ही बाटली कुठून आली?

“ठावं होतं,” ती म्हणाली. “लाजेनं बोलल्या न्हाईत. दुखणं न्हाई ते, केशरबाई. खोडबी न्हाई. एक औषध मानवत न्हाई, बाकी कालवड अस्सल हाय.”

“त्यांच्या लाजेपायी कालवड आमच्या दावणीला मरायली व्हती की आत्ता.”

बंकट घसा खाकरून कालवडीची मान दुसऱ्या हातात घेऊ लागला. डॉक्टरनं वेगळं औषध भरलं. साखराबाईनं विचारलं, हे मानवंल? तो म्हणाला, वेगळ्या जातीचं आहे, मानवायला हवं, पण आधी सांगता येत नाही. त्यानं उताऱ्याची छोटी कुपीही फोडून सुई भरून तयार ठेवली, म्हणजे वेळ आली तर शोधत बसायला नको. मग टोचलं. कालवडीनं लाथ झाडली. साखराबाईला बरं वाटलं.

ती तोंडासमोर उकिडवी बसली. डॉक्टर मोटारसायकलला टेकून उभा राहिला. आणि केशरबाई खाटेवरून उतरून साखराबाईच्या शेजारी येऊन बसली, अशी की हिनं काही लपवलं तर आपल्याला दिसलं पाहिजे.

मग केशरबाईनं विचारलं, काय बघायचं असतं? साखराबाईनं दाखवलं. पापण्या, ओठ, मानेवरचे केस, बरगड्या. केशरबाई बघत राहिली. तिला बघायची सवय होतीच, आजवर सुनेकडे बघत होती. जरा वेळानं ती एकदम पुढे झुकली.

“ह्या डोळ्याखाली फुगलं बघा.”

डॉक्टर दोन पावलं पुढे आला. साखराबाईनं बोटानं दाबून पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्याखाली दाबलं. दोन्ही सारखेच होते. “त्या कुशीवर झोपली आसंल, केस दबलेत,” ती म्हणाली. केशरबाईनं स्वतः दोन्हीकडे दाबून पाहिलं आणि मान हलवली. मग तिनं कानाचं विचारलं, नाकाच्या दवाचं विचारलं, आणि श्वास मोजताना आपण मधेच बोललो तर काय करायचं तेही विचारलं. साखराबाई म्हणाली, म्हणूनच मी बोलत न्हाई. बंकटला हसू आलं, ते त्यानं पाठ फिरवून हसून घेतलं.

कालवडीनं टोचलेली जागा चाटली. मग नवं दावं ताणून पुढ्यातल्या वाढ्याकडे मान लांबवली. डॉक्टरनं घड्याळ बघितलं, तयार ठेवलेली सुई परत गुंडाळली आणि सांगितलं, उद्या आणि परवा हीच सुई, दोन्ही वेळा असंच बसायचं.

तो गेल्यावर केशरबाईनं अंजनाला फोन मागितला. अंजनानं तो आणून दिला आणि तिथंच उभी राहिली. तिकडून गीताबाईचा आवाज आला. केशरबाईनं कालवडीचं सांगितलं, सुईचं सांगितलं, तुमच्या गावची बाई आली म्हणून वाचली, तेही सांगितलं. तिचा आवाज चढला नव्हता. अंजनाला त्याचीच भीती वाटत होती.

“आता एक करा, ईनबाई,” केशरबाई म्हणाली. “कालवडीचं कळलं. सुनेला काय मानवत न्हाई तेबी आत्ताच सांगून टाका. म्हंजे तिकडून कुणाला दोन गाड्या बदलून यावं लागायचं न्हाई.”

तिकडून मग गीताबाई हळू काहीतरी बोलली. केशरबाईनं फोन कानावर दाबला, पुन्हा एकदा सांगा म्हणाली, आणि ऐकता ऐकता अंजनाकडे बघायला लागली, मघाशी कालवडीच्या पापण्यांकडे बघत होती तशी.

“उपास मानवत न्हाई म्हणती तुही माय. भोवळ येती म्हणती, ल्हानपणापासून.” तिनं फोन खाली घेतला. “अन् मी तुला सोमवार न् गुरुवार दोन्ही धरायला लावलेत. कावून बोलली न्हाईस?”

साखराबाईला वाटलं आपण इथून उठावं, पण ती उठली नाही. पुढे काय होतं ते तिला बघायचं होतं.

केशरबाईनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं, चार दाणे निवडले आणि डाळीकडे बघतच म्हणाली, “आज गुरुवार हाय ना? जा, आधी भाकर खा. मावशीलाबी वाढ. अन् खाऊन झालं की माझ्याम्होरं येऊन बस जरा वेळ.”